डिझेल गाडी टॉप गिअरमध्ये रेटू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत इंधनबचतीवर आलेल्या लेखात ‘गाडी सुटली की लवकरात लवकर वरचा गिअर टाका आणि आरपीएम कमीत कमी ठेवा’ असा सल्ला आहे. (आरपीएम म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते.) सपाट, मोकळ्या रस्त्यावर, ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवून चालवणाऱ्याला तो चालेल. पण त्यात डिझेल गाडीचा वेगळा विचार नाही, चढाचा नाही, भरलेल्या गाडीचाही नाही. कराडला माझं गॅरेज आहे. हा सल्ला अक्षरशः पाळणाऱ्यांच्या गाड्या माझ्याकडे येतात आणि खर्चाचा आकडा ऐकून त्यांचे चेहरे उतरतात. म्हणून लिहितो आहे.

‘डिझेलला रेस लागत नाही, ती टॉपलाही उचलते,’ असं आमच्याकडचे जुने ड्रायव्हर सांगायचे. त्यांच्या गाड्यांपुरतं ते खरंच होतं. प्यूजो इंजिनच्या जीपा घ्या, नाहीतर नंतरची महिंद्राची 2523 सीसीची डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिनं घ्या: टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, नाही; फ्लायव्हील, म्हणजे इंजिनच्या टोकाचं चाक, जड आणि जोर सगळा खालच्या आरपीएमला. माणसं कोंबलेली महिंद्राची कमांडर जीप पाटणच्या बाजाराला तिसऱ्यावर रांगत जायची आणि तिला काही होत नसे. ती सवय पुढच्या पिढीने जशीच्या तशी उचलली, इंजिन मात्र बदललं. स्विफ्ट, पुंटो, व्हिस्टा या गाड्यांत आलेलं 1248 सीसीचं डिझेल इंजिन बघा. जुन्या स्विफ्टमध्ये त्याचा 190 न्यूटन-मीटरचा पुरा जोर 2000 आरपीएमला मिळतो. हल्लीच्या क्रेटा, नेक्सॉनच्या दीड लिटर डिझेलमध्ये तो 1500 पासून सुरू होतो. त्याच्या खाली टर्बो जेमतेम फिरत असतो, म्हणजे इंजिनला पुरेशी हवाच मिळत नाही. अशा वेळी पाय दाबला की डिझेल वाढतं, हवा वाढत नाही, आणि न जळलेल्या डिझेलची काजळी होते.

गेल्या पावसाळ्यात पाटणकडचे एक शिक्षक आले. म्हणाले, “मिस्त्री, गाडी ओढत नाही आणि एव्हरेजही पडलंय.” मी शेजारी बसलो, चालवायला त्यांनाच लावलं. चाळीसच्या स्पीडला पाचवा गिअर, काटा हजाराच्या आसपास. चढ आला तरी गिअर तोच, पाय मात्र खाली खाली. गिअरचा दांडा थरथरत होता, डॅशबोर्डमधून घरघर येत होती. गुरुजींना ती घरघर म्हणजे डिझेलचा स्वभावच वाटत होता! गाडी बंद पडत नाही म्हणजे तिला झेपतंय, असा त्यांचा हिशेब. पण हल्लीच्या कॉमन रेल इंजिनचा (ज्यात डिझेल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो) कॉम्प्युटर आरपीएम पडायला लागले की आपणहून डिझेल वाढवून इंजिन चालू ठेवतो. जुनी गाडी आचके देऊन सांगायची, ही तेवढं सांगत नाही. त्यांचा ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) खोलला तर आत ओलसर काळा थर, बोटाने खरवडून निघेल असा. हवेची वाट निम्म्याहून जास्त बुजलेली. तो साफ केला, त्यांना चौथ्यावर आणि गरज पडली तर तिसऱ्यावर चालवायला लावलं. पुढच्या वेळी येऊन एव्हरेज वाढल्याचं त्यांनीच सांगितलं.

काजळी साफ तरी करता येते. फ्लायव्हीलचं तसं नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात हजार आरपीएमला डिझेल पेटल्याचे सेकंदाला साधारण 33 ठोके बसतात, तीन सिलिंडरच्या बोलेरोत 25. आरपीएम जितके कमी, तितके ठोके लांब लांब पडतात, आणि पाय दाबलेला असेल तर प्रत्येक ठोका जोरकस. अलीकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत फ्लायव्हील दोन भागांचं असतं, मधल्या स्प्रिंगा हे धक्के खातात. रोज टॉपला रेटलेल्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवून ते फ्लायव्हील हातात घ्या आणि दोन्ही भाग फिरवून बघा. चांगल्या फ्लायव्हीलमध्ये थोडं फिरवताच स्प्रिंग हाताला लागते. खराब झालेलं सैल फिरतं आणि आत खडखडतं. ते दुरुस्त होत नाही, बदलावंच लागतं, आणि सोबत क्लचप्लेट, प्रेशर प्लेटही बदलतात. वर काही जण गिअर कमी करायचा सोडून हाफ क्लचवर गाडी उचलतात. त्यांच्या गाडीचं बॉनेट उघडण्याआधीच जळका वास येतो.

1 एप्रिल 2020 पासून गाड्यांच्या धुराचे बीएस 6 नियम लागू झाले, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर आला. तो स्वतःच काजळी जाळून साफ होतो, पण त्यासाठी आतलं तापमान 600 अंशांच्या घरात जावं लागतं. गावातल्या गावात रांगणाऱ्या गाडीत ते जमत नाही. फिल्टर साफ करण्यासाठी जादा सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइलची पातळी चढलेली दिसते. ते ऑइल डिझेलने पातळ झालेलं असतं. ऑइल मोजायची काडी बघून ‘ऑइल भरपूर आहे’ म्हणणारे लोक मी बघतो तेव्हा जीव खालीवर होतो.

आमच्या भागात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टरवाला चढ येण्याआधीच गिअर कमी करतो. त्याला कोणी शिकवावं लागत नाही. कारवाल्यांनीही तेच करावं. चढ, ओव्हरटेक किंवा भरलेली गाडी असेल तर काटा 1800 ते 2500 मध्ये राहील असा गिअर ठेवा. पाय दाबल्यावर गाडी घरघरली की एक गिअर खाली. कुंभार्ली घाट उतरतानाही गिअरमध्येच उतरा. पाय काढला की डिझेल सुटणं बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. शिवाय ब्रेक तापतात ते वेगळंच.

ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना माझी विनंती आहे. तुमच्याकडे शिकवणीच्या गाड्या बहुतेक छोट्या पेट्रोलच्या असतात. निदान एक दिवस तरी शिकाऊ माणसाला डिझेल गाडीत बसवा आणि आरपीएमचा काटा वाचायला शिकवा. गिअर कधी वर टाकायचा हे सगळे सांगतात, खाली कधी आणायचा हे फारसं कोणी सांगत नाही.

आणि आपल्याला विनंती अशी, की गणपतीसाठी कोकणात जाणाऱ्या गाड्यांची घाटात रांग लागण्याआधी पुरवणीत त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत ही दुरुस्ती छापावी.

आपला,
एक गॅरेजमालक
कराड, जि. सातारा