पिंजऱ्याचा तो कागद

प्रिय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आमची सोसायटी घोडबंदर रोडला, मागची भिंत येऊरच्या जंगलाला लागून. दोन वर्षांपूर्वी सीसीटीव्हीत बिबट्या दिसला आणि ग्रुपवर सगळ्यांनी एकच धोशा लावला, पिंजरा लावा. सेक्रेटरी म्हणून सह्यांचा कागद मीच दारोदार फिरवला. नात तेव्हा चार वर्षांची होती, माझी झोपच उडाली होती.

बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या तुम्ही विद्यापीठातून आलात आणि बसायच्या आधीच म्हणालात, कचरा कुठे टाकता ते दाखवा. सांडलेल्या भाताभोवती सहा-सात कुत्री होती. "तो यांच्यासाठी येतो," एवढंच बोललात.

मला खरं पटलं ते तुमच्या प्रयोगशाळेत. बिबट्याची विष्ठा चाळणीत धुवून उरलेला एक केस तुम्ही काचेवर ठेवलात. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर केसाच्या आत नक्षी! त्या नक्षीवरून खाल्लेला प्राणी कळतो. तो केस कुत्र्याचा निघाला. आयुष्यातली इतकी वर्षं तुम्ही अशा केसांवर घालवलीत, म्हणून आम्हाला उत्तर मिळालं.

वन्यजीव शास्त्रज्ञ विद्या अत्रेय यांचं जुन्नर भागातलं बिबट्यांवरचं कामही तुम्हीच सांगितलंत. पकडलेले बिबटे दुसऱ्या जंगलात नेऊन सोडले, तर तिथे माणसांवरचे हल्ले वाढले. आणि आजोबा! 2009 मध्ये माळशेज घाटात सोडलेला म्हातारा बिबट्या, गळ्यात माग काढणारा पट्टा, सुमारे 120 किलोमीटर चालत आपल्या या जंगलापर्यंत आला. 2011 मध्ये गाडीच्या धडकेत गेला. हे ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आता कचरा झाकलेल्या डब्यात जातो, मागचे दिवे रात्रभर चालू असतात, अंधार पडला की मुलं एकटी खेळत नाहीत. वनविभागाच्या परवानगीने भिंतीपलीकडे तुम्ही समोरासमोर दोन कॅमेरे लावलेत, कारण प्रत्येक बिबट्या ठिपक्यांवरून ओळखतात आणि त्याच्या डाव्या अंगावरचे ठिपके उजव्या अंगासारखे नसतात. डावी बाजू कधीच मिळाली होती. परवा तुम्ही पाठवलेल्या फोटोत उजवी दिसली. नातीने तो फोटो फ्रिजवर लावलाय आणि खांद्यावरचे ठिपके मोजत बसते.

सह्यांचा तो कागद मी कुठेच पाठवला नाही. तुमचे मनापासून आभार, मॅडम. पुढच्या वेळी कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या बदलायला याल तेव्हा जेवूनच जा.

तुमची,
सोसायटीची सेक्रेटरी, ठाणे