बाबा कुठे आहेत, हे न विचारणाऱ्या ताईंना

ताई,

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. पण यंदाच्या शिबिरात तुम्ही जे केलंत ते चार लोकांनी वाचावं असं वाटतं, म्हणून उघडपणे लिहितेय.

माझी लेक आठ वर्षांची आहे. तिचे बाबा फौजेत हवालदार, सध्या फील्डमध्ये, म्हणजे कुटुंबाला नेता येत नाही अशा तैनातीवर. नेमके कुठे, ते मी इथेही लिहिणार नाही. फौजीच्या घरात हे मुलांना बोलता यायला लागल्यापासून शिकवलेलं असतं. बाबांची पल्टण कुठे आहे, बाबा कधी येणार, कधी जाणार, बाहेर कुणाला सांगायचं नाही. ते तिकडे, मग आम्ही एसएफ क्वार्टरमध्ये, म्हणजे अशा मागे राहिलेल्या कुटुंबांसाठीच्या फौजी घरांत, नाहीतर गावी. फोन लागला तर लागला. सियाचिनवर 1984 पासून आपली माणसं उभी आहेत हे सगळ्या देशाला माहीत आहे, पण तिथून घरी फोन कधी येईल हे त्या घरातल्या पोरालाही ठाऊक नसतं.

मागच्या उन्हाळ्यात तिला शहरातल्या एका नावाजलेल्या शिबिरात घातलं होतं. हॉलमध्ये तिरंगा, भिंतीवर जवानांची चित्रं. बघून मला बरं वाटलं होतं. तिथे 'माझे बाबा' नावाचा उपक्रम होता. बाबांचं चित्र काढायचं आणि ते कुठे काम करतात हे उभं राहून सांगायचं. ही उभी राहिली आणि बोलेचना. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "सांगायचं नसतं." मुलं हसली. "हट्टीपणा पुरे, खाली बस," असं तिला सुनावलं गेलं. मागून एक मुलगा म्हणाला, हिला बाबाच नाहीत. त्याला कुणी अडवलं नाही.

मी विचारायला गेले तर मलाच ऐकवलं, की मूल घुमं आहे, घरात वडिलांचा धाक नसला की असं होतं. हे शब्द मी विसरलेले नाही. माझ्या पोरीने त्या दिवशी बापाला दिलेला शब्द पाळला होता, आणि तिला हट्टी ठरवलं. 7 डिसेंबरला ध्वजदिनी छातीवर झेंडा लावणाऱ्या माणसांना एवढं कळू नये, याचा मला अजून राग येतो.

त्यानंतर शिबिराचं नाव काढलं की तिचं पोट दुखायचं. यंदा इथल्या लष्करी स्टेशनमध्ये, म्हणजे छावणीत, फौजींच्या मुलांसाठी शिबिर आहे असं शेजारणीने सांगितलं, तेव्हा मी तिचं नाव घातलं खरं, पण धास्तीनेच.

पोहणं, नाटुकलं, रात्री मैदानावर तारे बघणं, सगळंच छान होतं. त्यावर मी फार लिहीत नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. एका सकाळी ती डबा विसरली म्हणून मी द्यायला आले होते आणि दारात उभी होते. मुलं गोल करून बसली होती, घरच्यांविषयी बोलणं चाललं होतं. तिची पाळी आली आणि माझ्या पोटात गोळा आला. ती म्हणाली, "माझे बाबा फौजेत आहेत," आणि थांबली. तुम्ही लगेच म्हणालात, "कुठे ते सांगायचं नाही, बरोबर ना? शाब्बास! मग मला सांग, तुझे बाबा शीळ कशी घालतात?"

ते शीळ घालतात हे तुम्हाला माहीत असणं शक्यच नव्हतं. ती क्षणभर तुमच्याकडे बघत राहिली, आणि मग तिने शीळ घातली. दोन आखूड, एक लांब. सुट्टीवर आले की तिचे बाबा जिन्याखालून घालतात, अगदी तशी. मग शेजारच्या मुलाने त्याच्या बाबांचं खोकणं करून दाखवलं. एकीने तिचे बाबा फोनवर "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?" कसं ओरडतात ते केलं. हसणं तेव्हाही झालं, पण या वेळी माझी लेक सगळ्यांत मोठ्याने हसत होती.

बाबा कुठे आहेत असं विचारलं की आमच्या मुलांना गप्प बसावं लागतं किंवा खोटं बोलावं लागतं. तुम्ही बाबा कसे आहेत ते विचारलंत. त्या आठवड्यात फोन लागला तेव्हा तिने पहिलं हेच सांगितलं, "मी सांगितलं नाही, तरी ताई शाब्बास म्हणाल्या." तिच्या बाबांनी तुम्हाला जयहिंद सांगितलाय.

आमच्यासाठी काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. साताऱ्याचं सैनिक स्कूल 1961 चं. बदलीच्या नोकरीतल्यांच्या मुलांची शाळा तुटू नये म्हणून 1963 मध्ये केंद्रीय विद्यालयं सुरू झाली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांची वसतिगृहं आहेत. अमेरिकेत तर नॅशनल मिलिटरी फॅमिली असोसिएशन ही संस्था 2004 पासून फौजींच्या मुलांसाठी 'ऑपरेशन पर्पल' नावाची मोफत शिबिरं घेते, हे वाचून आपल्याकडेही अशी शिबिरं गावोगावी हवीत असं फार वाटलं. पण शिबिर कुठलंही असो, तिथे मुलांसमोर कोण बसलंय यावर सगळं येतं. वर्षाच्या मध्येच टीसी घेऊन आलेल्या पोराला कपाळावर आठी न आणता बाक दाखवणारे गुरुजी, नवरा घरी नाही हे ओळखून न सांगता सिलिंडर वर चढवून देणारा शेजारी, अशा माणसांच्या जोरावर आमची बिऱ्हाडं चालतात. त्यांच्यात आता तुम्ही आहात.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आमची बदली झालेली असेल. नव्या ठिकाणी शिबिराचा फॉर्म भरताना तुमचा तो प्रश्न मी खाली लिहून देणार आहे, तिथल्या ताईंना उपयोगी पडेल. हे सुट्टीवर कधी येणार ते इथे लिहीत नाही. आले की तुमच्या घरी येऊ, चहाला. आम्ही तिघं असू.

तुमची,
एका फौजीच्या लेकीची आई