चाचा, हात धुतल्याबद्दल आभार

चाचा, सलाम.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, पण नात वाचून दाखवेल. तिला सांगा, मधले टोमणे गाळायचे नाहीत.

माझ्या लेकाला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. दूध पचत नाही असं नव्हे, दुधातली प्रथिनंच त्याला चालत नाहीत. लोण्याचं बोट लागलं तरी ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात. एकदा श्वास लागला आणि मध्यरात्री दवाखाना गाठावा लागला. हे आजवर किती जणांना सांगून झालं! नात्यातल्या एकीचा सल्ला, "थोडं थोडं देत जा, सवय होईल." दुकानदाराने लॅक्टोज नसलेलं दूध पुढे केलं. अहो, लॅक्टोज म्हणजे साखर; प्रथिनं त्या दुधातही तशीच असतात. आणि जिच्या बेकिंग क्लासची फी मी आगाऊ भरली होती, ती बाई सगळ्यांसमोर म्हणाली की दूध पावडरीशिवाय ब्रेड मऊ होतच नाही, आणि ओव्हनच्या उष्णतेत दुधाचं काय उरतंय? उरतं, बाई. दुधातलं मुख्य प्रथिन, केसीन, भाजल्याने जात नाही. फी मात्र तुमच्याकडेच उरली.

पाकिटातल्या ब्रेडवर निदान छापलेलं असतं. 'दुधाचा अंश असू शकतो' एवढं वाचलं की पाकीट परत फळीवर. बेकरीच्या सुट्ट्या पावावर काय वाचणार? म्हणून तुमच्या बेकरीत येऊन तुम्हालाच विचारलं. तुम्ही "दूध नहीं डालते" म्हणून लादी कागदात बांधली असती तर ते खोटंही ठरलं नसतं. तुमच्या पावात मैदा, पाणी, मीठ, यीस्ट आणि जराशी साखर-तेल. पण तुम्ही मागच्या टेबलाकडे बघितलंत आणि लादी परत ठेवलीत. "उसी टेबल पे मावा केक बनता है. बच्चे को मत दो. घर पे बनाओ, मैं सिखाता हूँ."

गिऱ्हाइकाला स्वतःचाच माल नको म्हणणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला.

दुपारी काम आटोपून तुम्ही आलात. बेकरीतले कपडे बदलून, धुतलेला सदरा घालून. दारातूनच विचारलंत, "साबण कुठे आहे?" कोपरापर्यंत फेस, नखांखाली ब्रश, घड्याळ काढून खिशात. टॉवेलही आमचाच मागून घेतलात. मग हात माझ्यासमोर धरून म्हणालात, "फिर से धो लूँ?"

मला बोलता येईना. इतकी वर्षं 'आई जरा जास्तच करते' असं तोंडावर आणि पाठीमागे ऐकलेलं. तुम्ही मला एकही पुरावा मागितला नाहीत, रिपोर्ट बघितला नाहीत. धुतलेत की परत हात, मी काही म्हणायच्या आतच.

बाकी ब्रेडचं काय, तो जमला. ५०० ग्रॅम मैद्याला ३०० मिली पाणी, आणि गोळा ताणल्यावर न फाटता पापुद्रा होईपर्यंत मळायचं. दूध नसल्याने वरचा रंग जरा फिका येतो. दुधातली साखर यीस्ट खात नाही, ती मागे राहते आणि तिनेच कवच तांबूस होतं, असं मी नंतर वाचलं. तुम्ही एवढंच म्हणालात, रंग बघू नका, बुडाला टिचकी मारा, पोकळ वाजला की झाला. मऊपणासाठी तेल पुरलं. क्लासवाल्या बाईंना एक स्लाइस पाठवावी असं फार वाटलं होतं.

आणि हे सगळं तेव्हा, जेव्हा तुमचीच झोप उडालेली होती. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅसवर किंवा विजेवर न्यायला सांगितलं. हवेसाठी ते योग्यच, मी विरोधात नाही. पण नवी भट्टी काही पावाच्या भावात येत नाही. त्या विवंचनेतला माणूस परक्या मुलासाठी दुपारची झोप सोडून आला. असे लोक शहरात आहेत, फक्त त्यांच्या दुकानावर तशी पाटी नसते.

लेक आता शाळेत डब्यात सँडविच नेतो, बटाटा आणि हिरवी चटणी घालून. परवा मित्राला म्हणाला, "हा आमच्या चाचांचा ब्रेड आहे." मळते मी, नाव तुमचं!

तुम्ही विचारलं होतं, मीठ कमी पडतं का. लेक म्हणतो बरोबर आहे. मला चिमूटभर जास्त हवं. येत्या रविवारी चहाला या आणि चव बघून तुम्हीच ठरवा. चहा काळाच मिळेल.