विन्या, तुझं घड्याळ चालू झालं

पुणे, रविवार

प्रिय विन्या,

तुझ्या आजोबांचं खिशातलं घड्याळ चालू झालं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तू पत्र शेवटाकडून वाचायला घेशील. किल्ली दिली की दिवसभर चालतं. सपाट ठेवलं तर मिनिटभर पुढे जातं, उभं ठेवलं की जरा रेंगाळतं. शंभरी ओलांडलेल्या यंत्राकडून याहून जास्त मागू नये.

आता तुमच्या घरातली दंतकथा. काकू म्हणतात तसं घड्याळ सोन्याचं, विलायतेत बनलेलं आणि कुणा गोऱ्या साहेबाने आजोबांवर खूश होऊन खिशातून काढून दिलेलं. तर, सोनं नाही. केस, म्हणजे बाहेरचं कवच, निकेलची आहे, ती जुनी झाली की अशीच पिवळट दिसते. घड्याळ इंग्लंडचंही नाही, स्विस आहे. साहेबाकडे नंतर वळू.

तबकडीवर 'वेस्ट एंड वॉच कं., बॉम्बे–कलकत्ता' वाचून तुला वाटलं लंडनची कंपनी. नाव लंडनी खरं, पण ही कंपनी १८८६ साली सेंट इमिए नावाच्या स्विस गावातल्या अल्सिद द्रोझ आणि मुलं या घड्याळवाल्यांनी काढली, तीही हिंदुस्थानच्या बाजारावर डोळा ठेवून. ऑफिसं मुंबईत आणि कलकत्त्यात. मनगटावरचं 'सोवार प्रायमा' तुझ्या बाबांच्या पिढीत कुणाकडे तरी असायचंच. त्याआधी यांची खिशातली घड्याळं चालायची: क्वीन अ‍ॅन, मॅचलेस, सेकंडस अशा नावांची. विकणारं नाव वेस्ट एंडचं असलं तरी आतलं यंत्र वेगवेगळ्या कारखान्यांतून यायचं. त्यामुळे तबकडी वाचून अशा घड्याळाची ओळख पटत नाही. ते उघडावंच लागतं.

आमच्या अण्णांनी (लक्ष्मी रोडच्या आतल्या गल्लीतले घड्याळजी, तू त्यांना एकदा भेटला आहेस, चहा न पाजता सोडत नाहीत ते) मागचं झाकण काढलं, आतलं दुसरं झाकणही काढलं आणि भिंग डोळ्याला लावून बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तबकडी काढायला लागेल." तबकडी सुटली तशी खालच्या प्लेटवर पंख फुटलेलं वाळूचं घड्याळ दिसलं. हा लाँजिन या घड्याळ कंपनीचा शिक्का. लाँजिनसुद्धा त्याच सेंट इमिएची, त्यामुळे यंत्र बहुधा गावातल्या गावातच एका दारातून दुसऱ्या दारात गेलं असणार.

बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ मोजणाऱ्या चाकाखाली १८.८९ असा आकडा आहे. लाँजिनच्या जुन्या यंत्रांत टिंबाच्या आधीचा आकडा म्हणजे यंत्राचा व्यास, 'लीन्य' या जुन्या फ्रेंच मापात. एक लीन्य म्हणजे साधारण २.२६ मिलिमीटर, म्हणजे अठरा लीन्य झाले साडेचाळीसच्या किंचित वर. कॅलिपर लावला, बरोबर तेवढंच भरलं. हे माप हातात असल्याशिवाय सुटा भाग शोधायला बाहेर पडूच नये. नाहीतर "चालेल साहेब, घासून बसवू" म्हणणाऱ्यांच्या तावडीत सापडायला होतं.

दुसरी ओळख नंबराची. यंत्रावरचा नंबर एकोणतीस लाखांच्या घरातला आहे. लाँजिनने विसाव्या लाखाचं घड्याळ १९०७ च्या सुमारास काढलं आणि तिसाव्या लाखाचं १९१३ च्या सुमारास. म्हणजे तुझं घड्याळ पहिल्या महायुद्धाच्या थोडं आधीचं. आणि मला सगळ्यात आनंद कशाचा झाला असेल तर तोच नंबर मागच्या झाकणाच्या आतही आहे याचा. जुन्या बाजारात केस एका घड्याळाची, यंत्र दुसऱ्याचं, तबकडी परवा रंगवलेली, असे संसार जोडून दिलेले असतात. मुंबईतून बाहेर जाणाऱ्या अशा जोडाजोडीच्या मालाला परदेशातले संग्राहक नाकं मुरडतात, आणि त्यांचं फारसं चुकतही नाही. तुझ्या घड्याळाची केस आणि यंत्र मात्र जन्मापासून एकत्र नांदलेली आहेत.

पाठीवर जी.आय.पी.आर. आणि खाली नंबर कोरलाय. ही कोरणी खरी आहे का, याची मला आधी धास्ती होती. कारण 'रेल्वे' म्हटलं की भाव चढतो, म्हणून कुणीही अक्षरं कोरून देतं. पण नव्या कोरणीच्या कडा चकाकतात आणि बोटाला टोचतात. इथे कडा झिजून गोल झाल्यात, खाचेत काळा मळ मुरलाय आणि झाकणावरच्या ओरखड्यांपैकी एक सरळ अक्षरावरून गेलाय. म्हणजे अक्षरं आधी, ओरखडा नंतर. तेव्हा घड्याळ ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मालकीचं होतं, आणि १९५१ च्या नोव्हेंबरात त्या रेल्वेची मध्य रेल्वे झाली त्याच्या आधीच ही कोरणी झालेली आहे.

आता साहेब. नंबर घातलेला रेल्वेचा माल साहेब स्वतःच्या खिशातून बक्षीस कसा देणार? ते गार्डाच्या ड्यूटीचं घड्याळ असणार. आजोबा रेल्वेत नोकरीला लागले तेव्हा ते वीसएक वर्षांचं जुनं होतं, आधी कुणाच्या तरी खिशात फिरलेलं. झाकणाच्या आत दुरुस्त करणाऱ्यांनी सुईने बारीक खुणा करून ठेवल्यात, घड्याळजींची ती जुनी सवय. त्यातल्या एका खुणेत ३-४१ असं स्वच्छ वाचता येतं. मार्च ४१ मध्ये आजोबा भुसावळला होते ना? काकूंना विचार. आणि निवृत्तीच्या वेळी घड्याळ परत घेतलं का नाही, की पैसे भरून ठेवून घेतलं, तेही विचार. साहेबापेक्षा मला ती गोष्ट ऐकायला आवडेल.

एक गंमत सांगतो. १९०६ पासून देशभर प्रमाणवेळ लागू झाली आणि रेल्वे तीच पाळायची. मुंबईतली बरीच घड्याळं मात्र ३९ मिनिटं मागे असलेल्या 'बॉम्बे टाइम'लाच चिकटून होती, ती पार १९५५ पर्यंत! म्हणजे हे घड्याळ खिशात घालून बोरीबंदरच्या बाहेर पडणारा गार्ड रस्त्यावर पाऊल टाकताच शहराच्या चाळीसएक मिनिटं पुढे असायचा. आजोबा त्याबद्दल काही बोलायचे का रे?

असो. काय नव्हतं ते सांगतो. सेकंदाचा छोटा काटा नव्हता, यंत्र केसमध्ये धरून ठेवणाऱ्या दोन स्क्रूंपैकी एक नव्हता आणि क्राउन, म्हणजे किल्ली द्यायची फिरकी, कुठल्यातरी मनगटी घड्याळाचा पितळी बसवलेला होता. पण घड्याळ बंद का होतं, ते यातल्या कशानेच कळत नव्हतं. कमान शाबूत, बॅलन्सचं चाक फुंकर मारली तरी झुलायचं, आणि तरी टिकटिक नाही. अण्णांनी बॅलन्स उचलून उलटा धरला आणि भिंग माझ्या हातात दिलं. चाकाखालच्या छोट्या चकतीला एक माणकाचा अगदी बारीक खुंट असतो. चाक झुलताना तो पुढच्या चिमट्यासारख्या भागाच्या, म्हणजे पॅलेटच्या खाचेत शिरून त्याला ढकलतो आणि उलट धक्का घेऊन बाहेर येतो. तासाला अठरा हजार वेळा. तो खुंट पडून गेला होता, नुसतं भोक राहिलं होतं. यंत्र आपलं झुलतंय, आणि पुढे कुणाला पत्ताच नाही.

हा भाग कॅटलॉगमध्ये नंबर सांगून मागवायचा नसतो, खाचेच्या रुंदीवरून निवडायचा असतो. मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून 'लाँजिन ओरिजिनल' म्हणून मागवला तो खाचेत शिरेचना. शेवटी अण्णांच्या डबीतच सापडला. त्यांच्या वडिलांच्या काळची डबी, आत मापाप्रमाणे कागदाच्या पुड्या. खुंटाचा आडवा छेद इंग्रजी डी अक्षरासारखा असतो आणि सपाट बाजू बाहेर, चाकाच्या आसापासून लांब ठेवायची. भोकात खुंट ठेवून वर चपडीचा कण ठेवला, चकती तापवली, चपडी वितळून आत गेली आणि निवताच घट्ट झाली. सुतार पॉलिशला वापरतात तीच चपडी. स्वित्झर्लंडमध्येही हेच वापरायचे, आणि ती लाख आपल्याच जंगलांतून जायची. खुंट जरा तिरका बसला तर सगळं पुन्हा, म्हणून अण्णांनी तो चारी बाजूंनी बघितला. मग बॅलन्स जागेवर ठेवला. अजून स्क्रू आवळायचा होता तोवर टिकटिक सुरू.

सेकंदकाट्याने मात्र रडवलं. जुन्या बाजारात एक मेलेलं लाँजिन मिळालं, तबकडी फुटलेली, केस नाही, यंत्र गंजून गेलेलं. चांगलं घड्याळ मोडून भाग काढायला माझा विरोध आहे, पण याच्यात वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. स्क्रू त्याच्यातला चपखल बसला. काटा लांबीला बरोबर होता, टोक थेट सेकंदांच्या रेघांवर येत होतं, पण वर गंज. तो घासला की निळा रंग जाणार, आणि या घड्याळाचे बाकी दोन्ही काटे निळे. मग अण्णांनी तो पांढराशुभ्र होईपर्यंत घासला, छोट्या पत्र्यावर पितळेचा कीस पसरून त्यावर काटा ठेवला आणि खाली स्पिरिटचा दिवा लावला. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. जांभळ्यानंतर क्षणभर सगळा काटा गर्द निळा होतो, तेव्हाच उचलायचा, नाहीतर फिकट आकाशी होऊन जातो. तीनशे अंशांच्या आसपास हे सगळं घडतं, पण थर्मामीटर कोण बघतो? अण्णा काट्याकडे बघत होते, मी अण्णांकडे. मूळच्या काट्यांपेक्षा किंचित गडद झालाय. मला ते बरं वाटलं, बघणाऱ्याला कळेल की हा नंतरचा आहे.

क्राउन बदललेला नाही. निकेलचा, कांद्यासारखा फुगीर हवा, तो मिळेपर्यंत पितळीच राहू दे. काम चालतंय. तबकडीवर सहाच्या आकड्यापासून केसाएवढी चीर गेलीय, तिला हात लावू दिला नाही. एकाने "आठवड्यात नवी करून देतो" म्हणून सांगितलं, मी नुसता हसलो. ही मीन्याची तबकडी आहे, तांब्यावर भट्टीत भाजलेली. रंगवलेली तबकडी नवीन दिसेल खरी, पण मग बॉम्बे–कलकत्त्याचा पुरावा गेला म्हणून समज.

किमतीबद्दल तुझा भाचा काय म्हणतो ते कळलं. लाखाच्या गोष्टी त्याने मोबाइलवर वाचल्यात. वेस्ट एंडची घड्याळं तशी ढिगाने सापडतात. नंबर जुळणारं, तबकडी न रंगवलेलं, पॉलिश न मारलेलं रेल्वेचं घड्याळ क्वचित सापडतं, आणि तेवढ्यापुरतंच तुझं दुर्मिळ आहे. विकायचं असेल तर मला आधी सांग. विकू नये असं मला वाटतं, पण घड्याळ तुमचं.

लाँजिनवाले १८६७ पासूनच्या वह्या जपून आहेत, नंबर कळवला की कुठल्या साली कुणाला पाठवलं ते सांगतात. मी फोटो आणि नंबर पाठवलेत, उत्तर आलं की तुला पुढे पाठवतो. खर्च साडेचार हजार झाला, त्यात अण्णांची मजुरी जवळपास सगळी. त्यांनी मागितलेत त्याहून मी पाचशे जास्त दिले, ते तुझ्याच खात्यात धरलेत.

कुरियरने पाठवणार नाही. दिवाळीत बडोद्याहून कुणी येत असेल तर कळव, नाहीतर मीच येईन. वहिनींच्या हातचा उंधियो बाकी आहे.

तुझा,
नंदू

ता. क. : रोज एकाच वेळी किल्ली दे, सकाळी दिलेली बरी. अडली की थांब. आणि भाच्याला सांग, पाठीवरची अक्षरं ब्रासोने चकचकीत करायची नाहीत. त्याचा हात तिकडे जाईलच, मला माहितीय.