हिरव्या टिकवर विश्वास ठेवून गमावलेल्या तीन नोंदी

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: फोन व कॉम्प्युटरमधील सिंक बंद पडणे आणि तुमच्या सल्ल्यामुळे झालेले नुकसान

महोदय/महोदया,

मी तुमच्या नोंदवहीच्या ॲपची पैसे भरून झालेली वर्गणीदार आहे. नोंदी फोनवर करायच्या आणि सविस्तर काम विंडोजच्या लॅपटॉपवर करायचे, ही माझी रोजची पद्धत. मधले नऊ दिवस फोनवरची एकही नवी नोंद लॅपटॉपवर आली नाही. दोन्हीकडे हिरवी टिक मात्र ठसठशीत: 'सिंक पूर्ण'.

तुम्हाला लिहिण्याआधी नेहमीचे सगळे करून पाहिले होते. दोन्हीकडे खाते एकच आहे, फोनचा बॅटरी सेव्हर बंद आहे, बॅकग्राउंड डेटा चालू आहे, दोन्हीकडची घड्याळे जुळतात. हे पहिल्याच मेलमध्ये लिहिले होते. तरी उत्तर आले, 'कृपया बॅटरी सेव्हर तपासा'. माझा मेल कुणी वाचला असेल असे वाटत नाही.

तिसऱ्या उत्तरात लॅपटॉपवरचे ॲप काढून, त्याचे फोल्डर पुसून, नव्याने टाकायला सांगितलेत. मी ते केले. त्या नऊ दिवसांत लॅपटॉपवर लिहिलेल्या तीन लांबलचक नोंदी सर्व्हरवर चढल्याच नव्हत्या, त्या तिथेच गेल्या. 'आधी प्रत काढून ठेवा' एवढे एक वाक्य त्या उत्तरात नव्हते. ॲपनेही काढताना 'तीन नोंदी पाठवायच्या बाकी आहेत' असे सांगितले नाही. सिंक पूर्ण आहे म्हटल्यावर मी तरी कशाला शंका घेऊ?

आणि एवढे होऊनही सिंक बंदच. शेवटी मीच ॲपची लॉग फाइल, म्हणजे ॲप आपल्या कामाची टिपणे ठेवते ती फाइल, उघडली. त्यात एकच ओळ दर पाच मिनिटांनी: फाइलचे नाव अवैध. सोबत माझ्या एका नोंदीचे शीर्षक, 'बैठक: मुद्दे'. फोनवर तुमचे ॲप असे शीर्षक खुशाल घेते. लॅपटॉपवर त्याच शीर्षकाच्या नावाने फाइल करू पाहते. विंडोजमध्ये फाइलच्या नावात अपूर्णविराम (:) चालत नाही, प्रश्नचिन्हही नाही. ('दुःख'मधला विसर्ग चालतो, दिसायला सारखा असला तरी ते अक्षर वेगळे.) त्या एका नोंदीशी गाडी अडली आणि मागची येणारी-जाणारी सगळी रांग तुंबली. फोनवर त्या दोन ठिपक्यांच्या जागी आडवी रेघ टाकली, तर मिनिटाभरात सत्तावीस नोंदी खाली उतरल्या.

बिघाड कुठल्याही ॲपमध्ये होतो, त्याबद्दल माझे फारसे म्हणणे नाही. पण जी अडचण ॲप स्वतःच्या लॉगमध्ये नऊ दिवस लिहीत होते, ती मला न दाखवता वर हिरवी टिक लावणे याला मी फसवणूकच म्हणेन.

माझी चालू वर्षाची वर्गणी परत करावी. अडलेली नोंद पडद्यावर नावासकट दिसावी आणि तिच्यापायी बाकीच्या थांबू नयेत. ॲप काढून टाकण्याचा तो ठरावीक सल्ला मात्र आजच बदला. माझ्यासारखे आणखी कुणी तो आत्ता पाळत असेल. लॉग फाइल आणि तुमची तिन्ही उत्तरे सोबत जोडली आहेत. या पत्राचे उत्तर माणसाने लिहिलेले असावे. दहा दिवसांत ते न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
एक वर्गणीदार