अक्षरे चार, माणूस एक

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

व्यक्तिमत्त्व चाचण्यांची भलामण करणारा लेख आपल्या पुरवणीत वाचला. मनुष्यबळ विभागात माझी उमेदीची वर्षे गेली. या चाचण्या मी शेकडो लोकांकडून भरून घेतल्या आहेत, म्हणून हे पत्र.

चाचणी टाकाऊ नाही. आमच्याकडे दोन सहकाऱ्यांचे अजिबात पटत नसे. निकालाचे कागद समोर घेऊन बसले तेव्हा उलगडा झाला, की एकाला बोलण्याआधी विचार करायला वेळ लागतो आणि दुसऱ्याला बोलता बोलताच सुचते. पहिल्याच्या गप्प राहण्याला दुसरा आखडूपणा समजत होता! बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी पाठवायला लागलो आणि निम्मी कुरबुर थांबली.

पण त्याच कागदाने एका मुलीचे नुकसान केले. तिच्या निकालात ‘अंतर्मुख’ आले. साहेबांनी तिला ग्राहकांसमोरच्या सादरीकरणातून परस्पर वगळले, का तर ‘तिच्या स्वभावात बसत नाही’. तिला कोणी विचारलेसुद्धा नाही. तिने राजीनामा दिला त्या दिवशी कळले, की तिला कंटाळा होता तो घोळक्यातल्या गप्पांचा. तयारी करून बोलायला तिला मनापासून आवडे. तो कागद साहेबांच्या टेबलावर मीच ठेवला होता.

सर्वांत गाजलेली मायर्स-ब्रिग्ज चाचणी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या 1921 च्या ग्रंथावर बेतलेली. ती रचली कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींनी. दोघींनीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. त्याचे मला वावडे नाही. अडचण आहे ती माणसांना 16 खणांत बसवण्याची. प्रत्येक खणाचे नाव चार इंग्रजी अक्षरांचे, आणि एकेक अक्षर म्हणजे दोन टोकांपैकी एक, जसे I म्हणजे अंतर्मुख, E म्हणजे बहिर्मुख. बहुतेक माणसे मधल्या पट्ट्यात असतात, आणि रेषेच्या जरा अलीकडे-पलीकडे असलेल्या दोघांना ही चाचणी दोन टोकांची नावे देते. म्हणूनच काही आठवड्यांनी ती पुन्हा दिली, तर अनेकांचे एखादे अक्षर बदलते. माझेही बदलले. स्वभावाचे पाच पैलू मोजणाऱ्या ‘बिग फाइव्ह’ पद्धतीत निदान कमी-जास्तीचे माप मिळते.

‘पण वर्णन अगदी तंतोतंत जुळते हो!’ असे लोक म्हणतात. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी 1948 मध्ये वर्गातल्या सगळ्या विद्यार्थ्यांना एकच वर्णन ‘तुमचा निकाल’ म्हणून दिले होते. विद्यार्थ्यांनी त्याला 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. मजकूर घेतला होता राशिभविष्याच्या पुस्तकातून.

नोकरभरतीसाठी ही चाचणी वापरू नये, असे मायर्स-ब्रिग्जवाले स्वतःच सांगतात. लेखात त्याचा उल्लेख नव्हता, तो हवा होता. त्या मुलीच्या प्रकरणानंतर आम्ही निकाल ज्याचा त्याच्याकडेच ठेवायचा, वरिष्ठांना दाखवायचा नाही, असा नियम केला. दोन-तीन साहेब रुसले. पुढे पुढे मात्र उमेदवारच अर्जात आपली चार अक्षरे ठळक टाइपात लिहून पाठवू लागले. त्यावर काय नियम करावा, हे मला निवृत्त होईपर्यंत सुचले नाही.

आपला,
एक निवृत्त मनुष्यबळ अधिकारी