तक्रार पत्र: बिलावर सही आहे म्हणून फ्रीजची कायदेशीर हमी संपत नाही

मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: २,४९९ डॉलरचा फ्रीज नाकारत असल्याची सूचना व पूर्ण रकमेच्या परताव्याची मागणी.
संदर्भ: १८ मार्च २०२३ चे बिल व आपला ३ जून २०२५ चा ईमेल.

महोदय,

आपल्या सिडनीतल्या दुकानात सगळा व्यवहार मराठीतूनच झाला आणि बिलामागच्या अटीही मराठीतूनच समजावल्या गेल्या. म्हणून हे पत्र मराठीत लिहीत आहे. इंग्रजी प्रत सोबत जोडली आहे.

आधी बिघाडाबद्दल. १४ एप्रिल रोजी आपल्या मेकॅनिकने ३८० डॉलर घेऊन गॅस भरला. गळती कुठे आहे हे मात्र शोधले नाही. गॅस आपोआप संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. साडेपाच आठवड्यांनी, २३ मे रोजी, पुन्हा तेच झाले. कॉम्प्रेसर न थांबता चालू, मागची बाजू जेमतेम कोमट आणि खालच्या कप्प्यात १४ अंश तापमान. ऑस्ट्रेलियात नाशवंत अन्न ५ अंश किंवा त्याखाली ठेवावे असे सांगितले जाते. त्यानंतर परवानाधारक मेकॅनिककडून स्वतंत्र तपासणी करून घेतली. त्याने फ्रीजरच्या आतले मागचे झाकण काढले तेव्हा कॉइलच्या पहिल्या दोन वेढ्यांवरच बर्फ होता, बाकीची कॉइल कोरडी होती, म्हणजे गॅस पुन्हा कमी झाला होता. फोटो सोबत आहे. नायट्रोजन भरून दाब तपासल्यावर उघड्या नळ्या शाबूत निघाल्या. गळती दाराच्या चौकटीतून फोमच्या आत फिरणाऱ्या नळीत आहे. ती नळी वगळून बाहेरून नवी जोडता येते, हे खरे. पण चौकट कोमट राहावी, तिच्यावर दव धरू नये, यासाठीच ती नळी असते. ती वगळली की चौकटीवर पाणी साचणार आणि रबराला बुरशी धरणार. ही दुरुस्ती झाली असे म्हणता येणार नाही. गॅस आर-६००ए, म्हणजे ज्वलनशील आयसोब्युटेन आहे, त्यामुळे गळती तशीच ठेवून पुन्हा गॅस भरण्याचा आपला प्रस्ताव मला मान्य नाही.

कॉम्प्रेसरवर १० वर्षांच्या वॉरंटीचे स्टिकर आहे. कॉम्प्रेसर ठणठणीत असल्याने त्या वॉरंटीचा आधार मी घेत नाही. माझा आधार वेगळा आहे.

आपल्या ईमेलमध्ये म्हटले आहे: ‘अटींवर आपली सही आहे. २४ महिन्यांनंतर दुकानाची जबाबदारी नाही, उत्पादकाशी संपर्क साधावा.’ सहीचे महत्त्व मी नाकारत नाही. न वाचता केलेली सहीसुद्धा माणसाला सर्वसाधारणपणे बांधते, हे ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने २००४ मध्ये टोल विरुद्ध अल्फाफार्म या प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्यामुळे आपला करार वैध आहे, आणि तो रद्द करा असे माझे म्हणणेही नाही. पण कराराने काय काढून घेता येते याला संसदेने मर्यादा घातली आहे. ‘कॉम्पिटिशन अँड कन्झ्युमर अॅक्ट २०१०’ च्या दुसऱ्या परिशिष्टात ऑस्ट्रेलियन ग्राहक कायदा आहे. त्याच्या कलम ६४ नुसार, ग्राहक हमी, म्हणजे कायद्यानेच खरेदीदाराला मिळणारी हमी, वगळणारी किंवा कमी करणारी अट तेवढ्यापुरती शून्य ठरते. करार टिकतो, ती ओळ टिकत नाही. वॉल्व या अमेरिकन गेम कंपनीच्या अटींतही परतावा नाही असेच लिहिले होते. त्या प्रकरणात फेडरल कोर्टाने २०१६ मध्ये ३० लाख डॉलरचा दंड केला.

उत्पादकाने खोक्यात घातलेले वॉरंटी कार्ड एकदा वाचून पाहावे. त्यावरच छापले आहे की, या वस्तूला ऑस्ट्रेलियन ग्राहक कायद्याखाली वगळता न येणाऱ्या हमी आहेत आणि मोठा बिघाड झाल्यास ग्राहकाला बदली वस्तू किंवा परतावा मिळण्याचा हक्क आहे. हे कार्ड आपल्याच गोदामातून माझ्या घरी आले आणि आपले बिल नेमके त्याच्या उलट बोलते.

कलम ५४ प्रमाणे वस्तू टिकाऊ असली पाहिजे. किती टिकाऊ, हे वस्तूचा प्रकार, किंमत आणि विकताना काय सांगितले यावर ठरते. वॉरंटीचे महिने म्हणजे त्याचे उत्तर नव्हे. २,४९९ डॉलरच्या फ्रीजची बंदिस्त नळी २६ महिन्यांत गळावी, हे कोणताही सुज्ञ ग्राहक मान्य करणार नाही, आणि आधी कळले असते तर त्याने तो घेतलाच नसता. कलम २६० मधली मोठ्या बिघाडाची एक कसोटी हीच आहे. वादापुरते तो मोठा बिघाड नाही असे धरले, तरी आपण एकदा दुरुस्ती केली आणि ती टिकली नाही. त्यामुळे कलम २५९ खाली फ्रीज नाकारण्याचा मार्ग तरीही खुला राहतो.

जबाबदारी विक्रेत्याची आहे, म्हणून मला उत्पादकाकडे धाडू नये. आपले नुकसान आपण कलम २७४ खाली उत्पादकाकडून वसूल करू शकता. आणखी एक गोष्ट मला मुद्दाम नोंदवायची आहे. ‘३४९ डॉलरची वाढीव वॉरंटी घेतली असती तर ही वेळ आली नसती,’ असे आपल्या काउंटरवर सांगण्यात आले. जो हक्क कायद्यानेच फुकट मिळतो, तो पैसे भरले तरच मिळेल असे भासवणे कलम २९ खाली गैर आहे. इंग्रजी नीट न येणारे, नुकतेच या देशात आलेले कितीतरी लोक आपल्याकडे येतात आणि असे वाक्य ऐकून मुकाट परत जातात. ते बोलणे कृपया ताबडतोब थांबवावे.

या पत्राद्वारे मी फ्रीज नाकारत आहे. कारण वर दिले आहे. वापर झाला म्हणून पूर्ण रक्कम न देण्याचा आपला प्रस्ताव मान्य नाही. कलम २६३ मध्ये घसारा नाही, भरलेले पैसे परत करायचे असतात. त्याच कलमाप्रमाणे दुकानाचे क्रेडिट देऊनही परतावा भागवता येत नाही. शिवाय एवढी अवजड वस्तू उचलून नेण्याचा खर्च आपल्याकडे आहे. फ्रीजचे २,४९९, गॅसचे ३८०, तपासणीचे १६५ आणि वाया गेलेल्या अन्नाचे १८६, असे एकूण ३,२३० डॉलर पत्र मिळाल्यापासून १४ दिवसांत, ज्या खात्यातून पैसे भरले त्याच खात्यात जमा करावेत. फ्रीज रिकामा व पुसून ठेवला आहे. उचलण्याची वेळ दोन दिवस आधी कळवावी.

या मुदतीत पैसे न आल्यास एनएसडब्ल्यू फेअर ट्रेडिंग या न्यू साउथ वेल्स राज्याच्या ग्राहक-तक्रार कार्यालयाकडे तक्रार आणि त्यानंतर एनकॅट न्यायाधिकरणात दावा दाखल करेन.

आपला,
बिलावर नाव असलेला ग्राहक

सोबत: बिल व वॉरंटी कार्डाची प्रत, गॅस भरल्याची पावती, तपासणी अहवाल, कॉइल व तापमापकाचे फोटो, अन्नखर्चाचा तपशील, पत्राची इंग्रजी प्रत.